कॉलरमधल्या एकेचाळीस गाठी

रफूवाली कपड्यांशी बोलते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फाटका कोट मांडीवर घेतला की तिची चौकशी सुरू व्हायची. "काय रे, कुणी शिवलं तुला? घाईत होता का तो? आणि ही बाही कुठे अडकवून घेतलीस?" समोर गिऱ्हाईक उभं असलं तर ते बिचारं अवघडून स्वतःच सांगायचं, की दाराच्या कडीत अडकली होती. मग ती म्हणायची, "तुम्हाला नाही विचारलं. तुम्ही परवा या."

त्या शनिवारी सकाळी मात्र मांडीवरच्या कोटाला तिने बराच वेळ काहीच विचारलं नाही. तो तिच्या नवऱ्याचा कोट होता.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. कोट काळा, दोन बटणांचा, एकदाही अंगाला न लागलेला. आजारपण उघड व्हायच्या जरा आधी त्याने तो कुठूनतरी शिवून आणला आणि पिशवीसकट कपाटात टांगला. "कुठे मिरवायचंय एवढं?" असं तिने विचारलं तेव्हा "असू दे गं" म्हणून तो हसला होता. पुढे चार महिन्यांत सगळं आटोपलं. त्यानंतर ती दर वर्षी त्या पिशवीत डांबराच्या गोळ्या टाकायची, चेन ओढायची आणि कपाट लावून घ्यायची.

आता मुलाला हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि काळा कोट सक्तीचा होता. "आई, बाबांचा आहे ना एक? बघू तरी," असं तोच म्हणाला. घालून बघितला तर पाठीत गच्च. मुलगा अंगाने आईवर गेलेला, खांदे रुंद, पाठ भरलेली.

"श्वास घेऊ नकोस," ती म्हणाली.

"नोकरीत घ्यावा लागतो गं, आई."

कोटाच्या शिवणीत थोडा जादा कपडा असतो. अर्धं बोट, फार तर एक बोट. तेवढ्यात भागतंय का बघावं म्हणून तिने बगलेखालची शिलाई उसवली, आणि तिचा हात थांबला. आत तीन बोटं कपडा होता. तिने दुसरी बाजू उसवली. तिथेही तीन बोटं. पाठीच्या मधल्या शिवणीत तेवढाच, बाह्यांच्या टोकांनाही. सगळा कपडा नीट दुमडून बारीक टाक्यांनी असा बसवलेला, की बाहेरून कुणाला सुगावा लागू नये.

"हे काय आणि?" आता मात्र तिने कोटाला विचारलं.

एवढा कपडा आत ठेवला की कोट फुगतो, नीट बसत नाही. तो बसवायचा तर शिवणाऱ्याला दुप्पट कष्ट पडतात. असले कष्ट कुणी उगाच करत नाही. तिचा नवरा काडीसारखा होता, जन्मात कधी अंग धरलं नाही त्याने. मग तीन बोटं कुणासाठी? तीस वर्षांच्या कामात तिला याचं एकच कारण ठाऊक होतं. हा कोट पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाणार, हे शिवणाऱ्याला आधीच सांगितलेलं असतं.

आणि इथे तिने हातातली कात्री खाली ठेवली. कारण शेवटी शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यांना आधीपासून कल्पना होती का?" तिने ठामपणे सांगितलं होतं, "नाही हो. असती तर मला नसतं का सांगितलं?" या एका वाक्याच्या आधारावर तिने अकरा वर्षं काढली होती. दोघांनाही माहीत नव्हतं, दोघंही सारखेच फसले, शेवटच्या दिवसांतलं हसणं-बोलणं खरं होतं. आता हा कपडा म्हणत होता की त्याला माहीत होतं. आणि त्याने ते बायकोला न सांगता कुण्या टेलरला सांगितलं होतं.

कोणत्या टेलरला?

कोटाला टेलरच्या नावाची चिठ्ठी नव्हती. पण शिवणाऱ्याचा हात ओळखायची एक जागा तिला माहीत होती. तिने कॉलर उसवली. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जाड, कडक बक्रम घालतात. त्या बक्रमवर निळ्या दोऱ्याच्या बारीक गाठी होत्या, ओळीने मारलेल्या.

"मुका टेलर!" ती मोठ्याने म्हणाली.

बाजाराच्या पलीकडच्या टोकाला एक टेलर होता, त्याला सगळे मुका म्हणायचे. मुका नव्हता, पण बोलायचाही नाही. त्याच्या हातचे कोट तिच्याकडे रफूला यायचे आणि प्रत्येक कॉलरमध्ये या निळ्या गाठी निघायच्या. कधी पाच, कधी सात, कधी नऊ. या गाठी काहीच धरून ठेवायच्या नाहीत. सोडल्या तरी कॉलर जशीच्या तशी. एवढा सफाईदार माणूस, आणि दोऱ्याची टोकं आत तशीच टाकतो, याचा तिला राग यायचा. ती कात्रीने गाठी उडवायची आणि गिऱ्हाइकाला ऐकवायची, "मुक्याचं काम चांगलं, पण कॉलरमध्ये आळस करतो."

तिने सुईच्या टोकाने गाठी मोजल्या. एकेचाळीस.

तिने पुन्हा मोजल्या. मग कोट पिशवीत घातला, दुकानाला कुलूप लावलं आणि बाजार ओलांडून निघाली.

*

टेलरचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. तिथे आता चष्मे विकत होते. चष्मेवाल्याने सांगितलं की म्हातारा-म्हातारी मागे बेकरीवरच्या खोलीत राहतात. जिना अरुंद होता आणि भाजलेल्या पावाच्या वासाने गच्च भरलेला. दार एका ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या म्हाताऱ्या बाईने उघडलं आणि पिशवी बघताच हात जोडले.

"नाही हो बाई, शिवणं बंद केलं त्यांनी. डोळे गेले. परवा माझ्या झग्याला बटण लावलं ते आतल्या बाजूने. मी घातला तेव्हा कळलं."

"शिवायला नाही आले, काकू. विचारायला आलेय."

"ह्यांना? विचारायला?" काकूंना गंमत वाटली. "या मग. बसा. उत्तर संध्याकाळपर्यंत मिळेल."

खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, आणि खिडकीशी शिवणयंत्र. यंत्रावर कापड टाकून त्याचं टेबल केलं होतं. भिंतीवर लाकडाचा साधा क्रूस होता. त्याच्या खाली खुर्चीत एक उंच, वाळका म्हातारा बसला होता. ती आत येताच त्याने मान तिच्या पावलांच्या आवाजाकडे वळवली.

"क-क-क..." त्याने सुरुवात केली.

"कोण आलंय विचारतात," काकू म्हणाल्या.

म्हाताऱ्याने मान हलवली. "क-कोट."

"अगं बाई. कोट आणलाय हे कसं कळलं तुम्हाला?"

"ड-डांबर गोळ्या," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

रफूवालीने पिशवी उघडली, कोट त्याच्या मांडीवर ठेवला. बोलायला काय काय ठरवून आली होती. जिन्यात तर दोन-तीन तिखट वाक्यं तोंडपाठ केली होती. पण म्हाताऱ्याची बोटं कोटावरून फिरायला लागली आणि ती वाक्यं तशीच राहिली. तिला ते फिरणं ओळखीचं होतं. ती स्वतः असंच करायची. बोटं बगलेखाली गेली, उसवलेल्या शिवणीत शिरली, तीन बोटं कपड्यापाशी थांबली. मग कॉलरकडे गेली. गाठींवरून अंगठा सावकाश फिरला.

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. "आ-आली," तो म्हणाला. "त-ती आली."

"कोण ती? काय बोलताय?" काकूंनी विचारलं. आणि मग त्याही तिच्याकडे नवीन नजरेने बघायला लागल्या. "अगं... तू रफू करतेस का? नवरा काडीसारखा? मुलगा तुझ्यावर गेलाय?"

रफूवालीला कानकोंडं झालं. अनोळखी घरात आपल्या घरातलं सगळं आधीच येऊन बसलं होतं.

"म्हणजे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला. "मला नाही सांगितलं. मी शेजारी झोपत होते. मी औषधं देत होते, ताप म्हणून. आणि सांगितलं कुणाला, तर टेलरला! एवढंच सांगा मला, काका, त्यांना माहीत होतं की नाही?"

म्हाताऱ्याने मान डोलावली. होतं.

काकू नेहमीप्रमाणे मधे पडणार होत्या. त्याने हात वर केला, आणि बहुधा बऱ्याच वर्षांनी त्या थांबल्या. मग तो सांगायला लागला. एकेका शब्दाला अडत होता, कधी मागे जाऊन पुन्हा धाव घेत होता. रफूवाली पुढे वाकून ऐकत होती. त्याने जे अर्ध्या तासात सांगितलं ते एवढंच होतं.

माणूस पहिल्या दिवशी माप द्यायला आला तेव्हा म्हणाला, आत कपडा भरपूर ठेवा. किती? जेवढा मावेल तेवढा. मुलगा अकराचा आहे, आईवर गेलाय, रुंद होणार. माझ्यानंतर तो घालेल. एवढंच. आजाराचं नाव काढलं नाही. दहा दिवसांनी अंगावर घालून बघायला आला, तेव्हा टेलरने पुन्हा टेप लावला, तर छाती दोन बोटं उतरली होती. दहा दिवसांत. टेलरने टेपकडे बघितलं, माणसाने टेलरकडे बघितलं. मग माणूस हलकेच म्हणाला, "घरी बोलू नका कुठे. तिला मी सांगेन म्हणतो, पण ती हसत असली की माझ्या तोंडातून निघत नाही. नाहीच सांगून झालं तर हा कोट सांगेल. माझी बायको रफू करते. हा कोट जगात दुसरं कुणी उसवणार नाही. आतला कपडा बघितला की तिला कळेल, मी विसरलो नव्हतो."

खाली बेकरीत कुणीतरी लोखंडी पत्रे एकावर एक टाकत होतं.

"मेल्याने," ती अखेर म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. "मला चिठ्ठी लिहायची सोडून बगलेत लिहून ठेवलं." मग थोड्या वेळाने, "बरोबरच आहे म्हणा. चिठ्ठी मी वाचली नसती. पत्रं कधीच उघडत नाही मी. शिवण उघडते."

काकूंनी तिच्या हातात पाण्याचं भांडं दिलं. ती प्यायली, नाक ओढलं, आणि तिचा जन्माचा स्वभाव पुन्हा वर आला.

"कपड्याचं कळलं," ती म्हणाली. "पण काका, या गाठी कशाच्या? इतकी वर्षं तुमच्या कोटांत बघतेय. काही धरून ठेवत नाहीत त्या. पाच असतात, सात असतात. ह्यांच्यात एकेचाळीस आहेत. आणि खरं सांगायचं तर..." ती अडखळली. "मी त्या कापायची. मला वाटायचं तुम्ही आळस करता. रफूला आलेला तुमचा प्रत्येक कोट, त्यातल्या गाठी मी उडवल्यात."

"हाय रे देवा!" काकू उभ्याच राहिल्या. "प्रार्थना कापल्यास? सगळ्या?"

"प्रार्थना?"

म्हातारा हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खोकला लागेपर्यंत. त्याने काकूंना खाली बसायची खूण केली. "द-दोरा माझ्या आठवणीसाठी," तो म्हणाला. "द-देवाच्या नाही. त्याच्या ल-लक्षात असतं."

मग काकूंनी सांगितलं, कारण हे त्यांना चांगलं येत होतं. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पूर्वी एक पाळक होते. उपदेश करता करता गायला लागायचे. वाक्य बोलण्यात सुरू व्हायचं आणि गाण्यात संपायचं. लोक अर्धा अर्धा तास पापणी हलवायचे नाहीत. त्यांची एक गोष्ट टेलरला फार आवडायची. एक माणूस अंथरुणाला खिळलेला, स्वतः चालू न शकणारा. त्याला चौघांनी उचलून प्रभू येशूकडे नेलं. दारात गर्दी, म्हणून वर चढले, छप्पर उघडलं आणि त्याला अंथरुणासकट खाली सोडलं.

"आणि पाळक गायचे," काकू म्हणाल्या, "की त्या चौघांतला एकही बोलला नाही हो. एकानेही तोंड उघडलं नाही. नुसतं उचललं. हे ऐकून आमचे हे रडले होते. का, तर त्या दिवशी पाळकांनी सगळ्यांना काम दिलं होतं. ओळख ना पाळख अशी माणसं निवडा, त्यांना प्रभूविषयी सांगा. पण सांगायच्या आधी रोज त्यांना प्रार्थनेत उचला. बाकीच्यांनी वह्या केल्या, नावं लिहिली. ह्यांना गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं म्हटलं तरी घाम. मग दोरा घेतला. कोट दुकानात जितके दिवस, तितक्या गाठी. कॉलरची शेवटची शिलाई हे ठेवूनच द्यायचे, गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत. रोज सकाळी एक गाठ, एक प्रार्थना."

"म्हणजे ह्यांचा कोट..."

"एकेचाळीस दिवस टांगलेला होता दुकानात. न्यायला येईनातच. आम्हाला वाटलं, गेला माणूस."

रफूवालीला तो ताप आठवला. दीड महिना अंगात मुरलेला. ती घरी पट्ट्या ठेवत होती आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक अडखळणारा माणूस रोज सकाळी दोऱ्याला गाठ मारत होता. तिने म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"मग सांगितलंत का त्यांना?" तिने विचारलं. "तुमच्या प्रभूविषयी? उचललंत, ठीक. पण सांगायचं होतं ना शेवटी?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्याच्यासाठी उत्तर दिलं नाही.

म्हाताऱ्याने बराच वेळ कॉलर चाचपली. "व-विचारलं होतं त्याने," तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी. मी गाठ म-मारताना ओठ हलत होते. तो म्हणाला, काय पुटपुटताय? मी म-म्हटलं..." पुढचे शब्द येईनात. त्याने डोळे मिटले, मान खाली घातली, आणि मग एका दमात म्हणाला, "टाके मोजतोय."

त्याचा अंगठा अजून गाठींवरच होता.

"ए-एकेचाळीस दिवस देवाला म्हटलं, याला सांगायला क-कुणाला तरी धाड. तो स्वतःच आला. स्वतःच व-विचारलं. आणि मी म्हटलं, टाके मोजतोय. जीभ जड, म्हणून प्रार्थनेत ल-लपलो मी."

रफूवालीला काय वाटायला हवं होतं ते तिलाच कळेना. राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिच्या नवऱ्याचंही तसंच झालं होतं. ती हसत असली की त्याच्याही तोंडातून निघत नव्हतं. दोन माणसं एका टेपच्या दोन टोकांना उभी होती आणि दोघांच्याही ओठांशी काहीतरी अडलं होतं. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. खरंच, दुसरं काहीच नाही.

"काका," ती म्हणाली, "मग आता मी विचारते. तेव्हा काय पुटपुटत होतात?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. "द-द-द..." गळ्याच्या शिरा ताणल्या. "द-दे..."

"राहू द्या हो," काकू कळवळून म्हणाल्या. मग त्यांना काहीतरी सुचलं. त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बोलताय कशाला? पाळक म्हणायचे तसं म्हणा ना. उपासनेत म्हणता तसं. तिथे कुठे अडतं तुमचं?" आणि रफूवालीकडे वळून, "गाताना अडत नाहीत हे. एक अक्षर नाही. मी कितीदा म्हटलं, गिऱ्हाइकाशी गात बोला. तर म्हणे, माप घेताना गायला लागलो तर माणूस तसाच उघडा पळेल."

म्हातारा लाजला. खिडकीकडे तोंड केलं. आणि मग बसल्या जागी, कोट मांडीवर ठेवूनच, त्याने खालच्या पट्टीत सुरुवात केली. ते धड गाणं नव्हतं, धड बोलणंही नव्हतं. बोलता बोलता आवाज उंच व्हायचा, एका शब्दावर थांबून वळण घ्यायचा आणि पुन्हा खाली यायचा.

*देवा, कोटवाल्याला आणलंय तुझ्या दारी.*
*नाव मला ठाऊक नाही, माप ठाऊक आहे.*
*छाती उतरली दोन बोटं, उंची तीच,*
*डावा खांदा थोडा खाली, ओझ्याचा.*
*त्याच्या घरी बायको आहे, ती हसते म्हणे.*
*देवा, मी एका टोकाला धरलंय त्याला,*
*बाकी तीन टोकं तू धर.*
*तुझ्या लेकाने अंथरुणावरच्याला म्हटलं ऊठ,*
*याला काय म्हणायचं ते तू म्हण,*
*पण एकटा निजू देऊ नकोस, एकटा निजू देऊ नकोस.*

एकही अक्षर अडलं नाही. शेवटची ओळ त्याने तीनदा म्हटली, दर वेळी थोडी हळू. काकू ओठ न उघडता त्याच सुरात गुणगुणत होत्या. खाली बेकरीतले आवाजही थांबल्यासारखे वाटले. कदाचित पाव भट्टीत गेले असतील.

डावा खांदा. ती वीस वर्षं त्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, तो खाली आहे हे तिलाही ठाऊक होतं. पण ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि इथे एका परक्या माणसाने ते एकेचाळीस सकाळी देवाला सांगितलं होतं.

"एकटे नाही निजले," ती म्हणाली. "शेवटी मी होते. हात हातात होता." मग तिने विचारलं, "ते तुमच्या देवाने केलं, की मी आपली तिथे होतेच?"

"म-माहीत नाही," म्हातारा म्हणाला. "मी म-मागितलं होतं. तू होतीस."

तिला हे उत्तर आवडलं. त्यात उगाच भर घातलेली नव्हती.

ती उठायला लागली तशी काकूंनी तिचा हात धरला. "थांब. अजून एक आहे." त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. झाकण निघता निघेना. आत निळ्या दोऱ्याचा गुंडा होता, चांगला नारळाएवढा, आणि सगळा खडबडीत. रफूवालीने हातात घेतला आणि तिच्या बोटांना कळलं. त्या अख्ख्या दोऱ्याला गाठीच गाठी होत्या.

"हा कुणाचा कोट?" तिने विचारलं.

"कोट कुठला? तुझा आहे तो." काकू म्हणाल्या. "ज्या दिवशी तुझा नवरा कोट घेऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. 'कोटवाल्याची बायको, एक दिवस उसवेल ती.' रोज एक. दुकान बंद झालं, डोळे गेले, तरी रोज एक. मी म्हणायचे, अहो, ती आहे की नाही तेही माहीत नाही. तर म्हणे, त्याला सांगायचं राहिलं. तिला तरी सांगेन. पण तिला देवानेच आणायला हवं, घरी बोलू नका म्हणून गेलाय ना तो?"

रफूवालीने गुंडा उलटसुलट केला. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत ती याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसून याच माणसाच्या गाठी कापत होती आणि वर नावं ठेवत होती. तिने सवयीने दोरा थोडा उलगडला, बोटांनी तपासला.

"ही गाठ कच्ची आहे," ती म्हणाली. "ही त्यांच्या हातची नाही."

काकू ओशाळल्या. "त्या दिवशी ह्यांना ताप होता. मी मारली. ओळखतेस की गं!"

"तुम्ही काय म्हणालात मग देवाला?"

"मी? मी म्हटलं, आजची प्रार्थना माझ्याकडून घे, पण त्या बाईला लवकर धाड बाबा, माझी सगळी रिळं संपली."

म्हातारा पुन्हा खोकेपर्यंत हसला. या वेळी रफूवालीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे पुन्हा भरले. तिने ते पुसले नाहीत.

*

रविवारी दुपारी कोट तयार झाला. तिने सगळा कपडा सोडला, शिवणी नव्याने मारल्या, इस्त्री फिरवली. कॉलर मात्र होती तशीच बंद केली. कात्री हाताशी होती, ती उचललीच नाही.

मुलाने कोट घातला. बटण लावलं. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"आई, माझ्याच मापाचा आहे गं!"

"तुझ्याच मापाचा शिवलाय."

"काहीतरीच. मी तेव्हा एवढासा होतो." मग त्याने मान वळवली, कॉलरच्या मागे बोट घातलं. "हे काय आहे आत? टोचतंय काहीतरी. बारीक बारीक."

ती सुया पेटीत ठेवत होती. "बस," ती म्हणाली. "सांगते."

"उभ्याउभ्या सांग ना, चुरगळेल."

"चुरगळू दे. पुन्हा इस्त्री करेन." तिने त्याला समोरच्या स्टुलावर बसवलं, जिथे गिऱ्हाइकं बसायची. "दोन गोष्टी आहेत. कपड्याची आधी सांगते, ती मला नीट कळलीय. ती तुझ्या बाबांची आहे. दुसरी गाठींची. ती मला अजून पुरती कळलेली नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे विचारायला. त्या म्हाताऱ्यांना बोलता येत नाही, पण गातात. मला येईल तेवढं सांगते. मधे मधे विचारू नकोस. नाही, विचार. विचारलंस तर बरंच आहे."

"कोण म्हातारे? आई, तू गेली होतीस कुठे काल?"

तिने तोंड उघडलं, आणि पहिला शब्द काही केल्या येईना. कुठून सुरुवात करावी? टेपपासून की गाठींच्या कॉलरपासून? मुलगा वाट बघत होता. कोट त्याच्या पाठीवर छान बसला होता, कुठेही गच्च नाही, कुठेही ढिला नाही.

मग तिने सूर आठवला. आवाज तिचा बेताचाच, आणि या घरात अकरा वर्षांत कुणी गायलेलं नव्हतं. तरी ती हळूच गुणगुणायला लागली: नाव मला ठाऊक नाही, माप ठाऊक आहे...